एकाचं जावक, दुसऱ्याचं आवक

आमच्या घरातल्या माळ्याचं ऑडिट आजवर कधी झालेलं नाही. बँकेत दर वर्षी ऑडिटर येतात आणि टाचण्यांच्या डबीपासून तिजोरीच्या किल्लीपर्यंत सगळं मोजून जातात. माळ्यावर चढायची हिंमत मात्र आमच्या घरात एकट्या सौभाग्यवतींची, आणि तीही दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. मग वरून एकेक वस्तू खाली येते आणि तिच्यामागून एकेक प्रश्न येतो : "अहो, हे ठेवायचं की द्यायचं?" जुन्याचं काय करायचं, हा मोठमोठ्या तत्त्ववेत्त्यांनाही न सुटलेला प्रश्न. पण त्यांना तो भंगारवाल्याची हातगाडी दारात आणि पत्नी शिडीवर उभी असताना सोडवावा लागला नव्हता, हेही लक्षात घ्यायला हवं.

या दिवाळीत माळ्याच्या पार कोपऱ्यातून सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं एक लांबोडकं गाठोडं खाली आलं. सौभाग्यवतींनी चादरीचं टोक उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "घ्या! तुमची पहिली बायको सापडली."

ती माझी कॅसिओ होती. खरं म्हणजे कंपनी दुसरीच होती; पण कुठल्याही वनस्पती तुपाला जसं डालडा म्हणतात, तसं आमच्या बुलढाणा जिल्ह्यात कुठल्याही कीबोर्डला कॅसिओ म्हणतात.

ती माझ्या आयुष्यात आली १९९७ साली. मी तेव्हा खामगावला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. माझे वडील, म्हणजे दादा, मेहकर तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. मला पेटी शिकवायचा त्यांनी सात वर्षं प्रयत्न केला. माझ्या उजव्या हाताची बोटं बरी चालायची, पण डावा हात भाता मारायचं विसरायचा आणि ऐन गजरात पेटीला धाप लागून ती खाली बसायची. मग डोक्यात टपली आणि पाठोपाठ दादांचा आवाज : "भाता! अरे भाता!" माझं सगळं संगीतशिक्षण या दोन शब्दांत सामावलेलं आहे.

पुढे मला कॅसिओचं वेड लागलं. अकोल्याचा एक ऑर्केस्ट्रा मोडला होता आणि त्यातल्या वाद्यांची विक्री चालली होती. दादांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले, सात हजार मोजले आणि कॅसिओ एस.टी.ने आणली. कंडक्टरने विचारलं, "काय हाये हे?" दादा म्हणाले, "पेटी." "पेटीत काय हाये?" "सूर." कंडक्टरने दोघांकडे पाहिलं आणि सुरांचं सामानाचं तिकीट फाडलं.

घरी आल्यावर पहिला मान दादांचा. ते मांडी घालून बसले, उजवा हात पट्ट्यांवर ठेवला, आणि डावा हात मागे नेऊन भाता शोधू लागले. हात हवेतच फिरला. "अरे, याले तर श्वासच नाही!" ते म्हणाले. भाता न मारता वाजणारं वाद्य आणि काम न करता मिळणारा पगार माणसाला पचत नाही, असं त्यांचं मत पडलं. पुढे मी बँकेत लागलो.

दोन-तीन वर्षं मी ती कॅसिओ गणपतीत आणि लग्नांत वाजवली. मग बँकेची परीक्षा, मग नोकरी, मग बदल्या. कॅसिओ माळ्यावर गेली. दादा निवृत्त झाले, थकले, तेव्हा मी त्यांना खामगावला घेऊन आलो. निघताना त्यांनी आपली पेटी भजनी मंडळाला देऊन टाकली. "तिथं वाजत राहील," एवढंच म्हणाले.

तर मुद्दा असा, की गाठोडं खाली आलं तेव्हा आमचे चिरंजीव दिवाळीच्या सुट्टीत घरी होते. ते पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत आणि उरलेल्या वेळात लॅपटॉपवर संगीत तयार करतात. 'उरलेल्या वेळात' हा शब्द इंजिनिअरिंगला लावायचा की संगीताला, हे मी अजून विचारलेलं नाही. त्यांचं संगीत मी एकदा पाहिलं आहे. 'पाहिलं' हाच शब्द बरोबर, कारण सौभाग्यवती गव्हातले खडे वेचतात तसे ते माऊसने एकेक सूर वेचून पडद्यावरच्या चौकटींत ठेवत होते.

आम्ही अडॅप्टर लावला. कॅसिओचा लाल दिवा लागला, पण आवाज नाही. पट्ट्या दाबाव्यात, तर नुसतंच टकटक. शेवटी तिला कापडात गुंडाळून मेकॅनिककडे नेलं. त्याने पोट उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि निदान केलं, "भाऊ, याचं तोंड गेलं. आवाज काढते तो भाग जयला, अन् तो आता कुठीच भेटत नाही. पण बाकी शाबूत हाये. कोणती पट्टी दाबली, हे याले अजून समजते. बोलताच येत नाही फक्त."

मी जरा गप्प झालो. हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं. चार वर्षांपूर्वी दादांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले होते, "त्यांना समजतं सगळं. बोलता येत नाही फक्त." आठ महिने ते खाटेवर होते. डावा हात तेवढा चालायचा. संध्याकाळ झाली की तो हात खाटेच्या कडेशी पुढे-मागे, पुढे-मागे करायचे. आम्ही म्हणायचो, उकडतंय, पंखा वाढवायचो. हात थांबला नाही, की म्हणायचो, गार लागतंय. पंखा बंद करायचो. मग कधीतरी थकून ते हात खाली ठेवायचे आणि आम्ही एकमेकांना म्हणायचो, "बघा, पंख्याचंच होतं." असो.

चिरंजीवांनी मात्र कॅसिओ उलटी करून तिची पाठ पाहिली आणि ओरडले, "बाबा, याला मिडी आहे!"

पाठीमागे रुपयाएवढी तीन गोल भोकं होती आणि प्रत्येकात अर्धवर्तुळात पाच बारीक छिद्रं. पूर्वीच्या टेपरेकॉर्डरला असायची तशी. इतकी वर्षं ती माझ्याकडे हसून पाहत होती आणि मला वाटत होतं, की ती हवा खेळती राहण्यासाठी ठेवली आहेत.

या मिडीला लॅपटॉपशी जोडायला एक वायर लागते, ती आणायला मी बाजारात गेलो. पहिल्या दुकानात मिडी म्हटल्यावर त्याने समोरच्या तयार कपड्यांच्या दुकानाकडे बोट दाखवलं. आमच्या लहानपणी मिनी, मिडी आणि मॅक्सी अशा तीन उंचीच्या कपड्यांनी जुन्या पिढीची झोप उडवली होती, त्यातली ही मधली, असा त्याचा समज झाला. दुसऱ्या दुकानात विचारलं, तर तो म्हणाला, "मिडी बस ना? ते स्टँडावर." घरी येऊन मी हे सांगितलं, तर सौभाग्यवती म्हणाल्या, "या वयात मिडी शोधत फिरलात? अन् तेही ओळखीच्या दुकानात?" शेवटी चिरंजीवांनी मोबाईलवरून वायर मागवली. ती चौथ्या दिवशी आली. तिच्या एका टोकाला लॅपटॉपची चपटी पिन, मध्ये काडेपेटीएवढी डबी आणि दुसऱ्या टोकाला दोन गोल पिना. एकीवर 'इन' लिहिलेलं, दुसरीवर 'आऊट'.

वायर येईपर्यंत चिरंजीवांनी मला मिडी म्हणजे काय ते समजावलं. बापाला शिकवताना मुलांच्या चेहऱ्यावर जी सहनशीलता दिसते, ती पाहून आपण त्यांना पाढे शिकवत होतो तेव्हाचा आपला चेहरा आठवतो.

"बाबा, या वायरीतून आवाज जात नाही."

"मग काय जातं?"

"फक्त निरोप. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. तीन आकडे. मधला सा घेतला तर साठ. आवाज काढायचा, तो पलीकडच्याने आपला आपण काढायचा."

हे मात्र मला चटकन कळलं, कारण गेली पंचवीस वर्षं मी त्यावरच पोट भरतो आहे. मी म्हटलं, "म्हणजे चेक!" चेकमधून पैसे जात नाहीत. चेक म्हणजे अमक्याला तमके रुपये द्या, अशी लेखी आज्ञा. १८८१ च्या कायद्यापासून हेच चाललं आहे. मेहकरच्या माणसाने चेक लिहिला आणि तो नागपूरला वटला, तर नागपूरच्या माणसाला मिळालेल्या नोटा काही मेहकरच्या नसतात. नोटा तिथल्याच; आज्ञा तेवढी इथली. चिरंजीव क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. बापाला काहीतरी येतं, हा धक्का त्यांनी समंजसपणे सोसला.

वायर आल्यावर जोडणीचा मान मी घेतला. कागदपत्रं जिथली तिथे लावायची सवय. वायरीची 'इन' लिहिलेली पिन कॅसिओच्या 'इन'मध्ये घातली, 'आऊट'ची 'आऊट'मध्ये घातली आणि हात झटकले. पट्टी दाबली. शांतता. दहा मिनिटं मी जोर वाढवत दाबत होतो. न ऐकणाऱ्या माणसाशी आपण मोठ्याने बोलतो, तसं.

चिरंजीवांनी काही न बोलता दोन्ही पिना काढल्या आणि उलट्या लावल्या. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आवक-जावक! बँकेत दोन रजिस्टरं असतात. आमच्या जावक रजिस्टरला नोंदलेलं पत्र हेड ऑफिसच्या आवक रजिस्टरला जातं. आमचं जावक त्यांच्याही जावकात गेलं, तर ते पत्र जन्मभर फिरत राहील. एकाचं डेबिट ते दुसऱ्याचं क्रेडिट, हे मी कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला पाठ केलं होतं आणि घरात मात्र इतकी वर्षं आऊटमध्ये आऊट घालून बसलो होतो. आपल्याकडच्या बहुतेक संसारांची जोडणी अशीच असते. दोघंही बोलत असतात, आवाज वाढवत असतात आणि कोणाचीच आवक नसते.

लॅपटॉपमधून सूर निघाला. जरा उशिरा निघाला. पट्टी आता दाबावी आणि आवाज मागून यावा, आमच्या शाखेच्या सर्व्हरसारखा. चिरंजीवांनी कुठलासा आकडा कमी केला, तेव्हा दोघांचं जमलं. पण मी हात उचलला, तरी सूर थांबेना! घुंऽऽऽ असा एकच स्वर चालू. शेजारचे काका खिडकीत आले. वायर स्वस्तातली होती. त्यामुळे पट्टी दाबल्याचा निरोप पोचला आणि सोडल्याचा वाटेतच गळाला, असं कळलं. सोडल्याचा निरोप आला नाही, की यंत्र इमानेइतबारे वाजवत राहतं. यासाठी एक बटण असतं आणि त्याचं नाव चक्क 'पॅनिक' आहे. ते दाबलं, की सगळे सूर बंद होतात. आमच्या दोन चुलत्यांत १९८२ साली बांधावरून भांडण झालं. बांध पुढे रस्त्यात गेला, एक चुलता वारला, तरी भांडण चालूच आहे. कारण सुरू केल्याचा निरोप सगळ्यांना गेला आणि सोडल्याचा कोणी पाठवलाच नाही. असं बटण आमच्या खानदानाला फार आधी हवं होतं.

त्या रात्री मी एक प्रश्न घेऊन झोपलो. कॅसिओ १९९० च्या आसपासची, लॅपटॉप परवाचा. एक जपानी, दुसरा कुठला कोण जाणे. त्यांचं तीस-पस्तीस वर्षांच्या अंतरावरून जमलं, आणि एका घरातल्या तीन पिढ्यांचं जमत नाही, ते का? आपल्याकडे या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर आहे : जुळवून घ्यायला पाहिजे. पण जुळवून घ्यायचं कुणी? म्हातारे म्हणतात, तरुणांनी. तरुण म्हणतात, म्हाताऱ्यांनी. सासू म्हणते, सुनेने. सौभाग्यवती म्हणतात, "मी घेतलंय. आता पुढचा प्रश्न विचारा."

म्हणून मी चिरंजीवांकडून या मिडीचा इतिहास काढून घेतला. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या वाद्याची भाषा वेगळी होती. मुंबईच्या चरणजितसिंग यांनी १९८२ साली दहा राग इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर वाजवून एक रेकॉर्ड काढली. त्यातली वाद्यं तीन, पण तिन्ही एकाच रोलँड कंपनीची. म्हणजे लग्न जमलं, पण पोटजातीतल्या पोटजातीत. सगळ्या वाद्यांची एक सामायिक भाषा असावी, हा प्रस्ताव अमेरिकेच्या डेव्ह स्मिथ यांनी १९८१ साली मांडला, आणि जपानातल्या रोलँडचे काकेहाशी यांनी तो उचलून धरला. १९८३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या प्रदर्शनात स्मिथ यांच्या कंपनीचं एक वाद्य आणि रोलँडचं एक वाद्य, बाजारातले हे दोन प्रतिस्पर्धी, एका वायरीने जोडले गेले. एकावर बोट ठेवलं आणि दुसरं वाजलं. एखाद्याने त्यावर पेटंट घेऊन सात पिढ्यांची सोय केली असती. यांनी ती भाषा सगळ्यांना फुकट वापरू दिली. त्याबद्दल २०१३ साली दोघांना तांत्रिक कामाचं ग्रॅमी मिळालं. बँकेत तीस वर्षांनी प्रमोशन मिळतं, तसंच ते.

यात मला पटलं ते असं, की कुणीही कुणासारखं झालं नाही. आवाज ज्याचा त्याचाच राहिला. त्यांनी सगळ्या गोष्टींवर एकमत केलं नाही. कोणती पट्टी, किती जोर, कधी सोडली, एवढ्यावरच केलं. आम्ही मात्र एकमत करायला बसतो, ते पोशाखापासून मतदानापर्यंत सगळ्यावर करायला बसतो आणि चहावरच उठतो. त्यातही एक गंमत आहे. 'इन'च्या भोकामागे एक इवलासा दिवा आणि त्याच्यासमोर एक इवलासा डोळा असतो. निरोप आला, की दिवा लुकलुकतो आणि डोळा तो वाचतो. एका वाद्याची वीज दुसऱ्याच्या विजेला शिवत नाही. शिवली, तर गुणगुण सुरू होते. एकत्र कुटुंब पण चूल वेगळी, हा शोध आपल्या आजेसासवांनी लावला होता. गुणगुण टाळण्याचं कारणही तेच.

आणि जुळवून घेणं म्हणाल, तर दादांची पेटीसुद्धा मुळातली परकीच. युरोपातून आली, पायाने भाता मारायची. आपण जमिनीवर मांडी घालून बसणारी माणसं. पाय कुठून आणायचे? कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारायची पेटी केली, असं म्हणतात. खुर्चीवर बसवायला आली ती आपल्या सतरंजीवर मांडी घालून बसली. तरी तिला घरातली म्हणायला लोक तयार नव्हते. तिच्यातून मींड निघत नाही, तिचे सूर ठोकळेबाज, म्हणून १९४० साली रेडिओवर तिला बंदी झाली आणि १९७१ पर्यंत ती टिकली. दादा हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज चढायचा. रेडिओने दार लावलं होतं, तेव्हाही आमच्या गावच्या देवळात ती रोज संध्याकाळी वाजत होती. देवाने मींडेबद्दल तक्रार केल्याची नोंद नाही.

पण 'कुणी' हा प्रश्न राहिलाच होता. त्याचं उत्तर चिरंजीवांनी जाता जाता दिलं. २०२० साली मिडीची नवी आवृत्ती आली. नवं वाद्य दुसऱ्याला जोडलं, की आधी विचारतं, तुला नवी भाषा येते का? समोरून उत्तर आलं, तर दोघं नव्या भाषेत बोलतात. उत्तर आलं नाही, तर नवं वाद्य जुन्या भाषेत बोलू लागतं. रागवत नाही, हसत नाही, "अजून जुनंच का?" विचारत नाही. "कारण जुन्याला एकच भाषा येते ना, बाबा. नव्याला दोन्ही येतात."

मुलगा हे बोलून जेवायला गेला. मी मात्र बसलो, कारण मला आमचं काउंटर दिसायला लागलं.

आमच्या शाखेत एक म्हातारे शेतकरी येतात. दर पंधरवड्याला पासबुक घेऊन येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "भाऊ, माह्या खात्यात किती हाये?" गर्दीच्या दिवशी मी न पाहताच उत्तर देतो, "बाबाजी, तुमच्या मोबाईलवर मेसेज येतो ना?" दिवाळीच्या आधी ते म्हणाले होते, "मेसेज येते ना भाऊ. पण मले वाचता नाही येत." मागे लाइन होती. मी म्हटलं, "मग नातवाला दाखवा." ते बरं म्हणाले आणि गेले. मला त्यांची भाषा येते, बँकेचीही येते. त्यांना एकच येते. आणि जुळवून घ्यायला मी सांगत होतो त्यांना.

भाऊबिजेच्या दिवशी संध्याकाळी चिरंजीव कॅसिओवर त्यांचं ते धपधप संगीत वाजवत होते. माऊसपेक्षा बोटांनी बरं जमतं, असं त्यांचं मत झालं होतं. मी कौतुकाने ऐकत होतो. निदान चेहरा तरी तसा ठेवला होता. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाबा, आबांची पेटी लावून देऊ? यात हार्मोनियमचाही आवाज आहे."

मी मांडी घालून बसलो. काळी चार धरली. लॅपटॉपमधून पेटीचा सूर आला, हुबेहूब. बोटं कुठेतरी सापडत गेली. दादांच्या रोजच्या गजराची चाल येऊ लागली. मुक्या कॅसिओची पट्टी, परक्या यंत्राचा आवाज आणि चाल आमच्या गावच्या देवळातली. दादांचा गळा मला मिळाला नाही, त्यांच्या नोटा आल्या नाहीत; चेक मात्र वटत होता.

"बाबा, डाव्या हाताने काय करताय?" चिरंजीवांनी विचारलं.

मी पाहिलं. माझा डावा हात कॅसिओच्या मागे हवेत होता आणि पुढे-मागे, पुढे-मागे करत होता. सात वर्षं टपल्या खाऊन जो भाता आठवला नाही, तो आता आपोआप चालला होता.

सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात फराळाचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मामाजी अगदी असंच..." आणि थांबल्या.

संध्याकाळची वेळ होती. भजनाची.

आठ महिने दादांचं जावक सुरू होतं. रोज, ठरल्या वेळी. ते पेटी मागत होते. घरात शिकलेली, दोन-दोन भाषा येणारी तीन माणसं होती आणि एकालाही वाचता आलं नाही. आम्ही पंखा कमी-जास्त करत राहिलो. माझ्या डोक्यावर माळा होता आणि माळ्यावर चादरीत गुंडाळलेली कॅसिओ होती.

कुणी काही बोललं नाही. सौभाग्यवतींनी ताट खाली ठेवलं आणि जाऊन पंखा बंद केला. मी गजर पुरा केला. शेवटच्या सुरावरून हात उचलला, तेव्हा सूर नीट थांबला. सोडल्याचा निरोप या वेळी पोचला होता.

कॅसिओ आता माळ्यावर जाणार नाही. चिरंजीव ती पुण्याला घेऊन गेले. एस.टी.त तिला तिकीट लागलं की नाही, मी विचारलं नाही. माळ्यावर जागा झाल्यामुळे सौभाग्यवतींची नजर आता माझ्या जुन्या मासिकांवर आहे.

दिवाळीनंतर बँक उघडली, आणि तिसऱ्या दिवशी ते शेतकरी बाबाजी आले. मागे लाइन होतीच. "भाऊ, माह्या खात्यात किती हाये?" मी पासबुक घेतलं, नोंदी छापल्या, काउंटरवरून जरा वाकून हळू आवाजात त्यांना आकडा सांगितला आणि मागच्या महिन्यात कापसाचे किती जमा झाले, तेही वाचून दाखवलं. ते माझ्याकडे पाहतच राहिले. मग काळजीच्या सुरात म्हणाले,

"काय झालं भाऊ? मशीन बंद पडली काय आज?"